गाडीच्या काचेवर पाणी येत नाही : घरच्या घरी करण्याजोगा इलाज

धंदा कपड्याचा असो, बेकरीचा, फळांचा की फर्निचरचा. माल पोहोचवण्यासाठी एखादी लहान चारचाकी आता पुष्कळ व्यापाऱ्यांच्या दारात उभी असते. कुणाकडे जुनी ओम्नी, कुणाकडे ईको, कुणाकडे टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, तर कुणाकडे बोलेरो पिकअप. मालक टायर पाहतो, डिझेलचा हिशेब ठेवतो, विम्याची तारीख लक्षात ठेवतो. पण समोरच्या काचेवर पाणी मारणारी जी लहानशी पिचकारी असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती बंद पडून सहा सहा महिने होतात आणि गाडी तशीच पळत राहते. ड्रायव्हर सांगत नाही, कारण त्याला वाटते एवढ्याशा गोष्टीसाठी शेठजींकडे काय तोंड उघडायचे. शेठजी विचारत नाहीत, कारण गाडीत ते बसतच नाहीत.

आम्ही मालेगावहून नाशिक, भिवंडी आणि मुंबईकडे कापडाचे तागे पाठवतो. त्या रस्त्याची एक गोष्ट सांगतो. मालेगावहून नाशिककडे जाणारा आग्रा रोड नैऋत्येकडे जातो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळतो तोही नैऋत्येच्याच बाजूला. म्हणजे हिवाळ्यात दुपारी माल भरून निघालेली गाडी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अगदी सूर्याच्या तोंडावर चालत असते. उन्हाळ्यात भल्या सकाळी नाशिकहून परत येताना हाच प्रकार उलट्या दिशेने होतो. काच साफ असेल तर डोळे बारीक करून निभावता येते. पण काचेवर धुळीचा, चिलटांचा, पुढच्या ट्रकने उडवलेल्या काळ्या पाण्याचा थर असेल, तर ऊन पडताच सगळी काच दुधासारखी पांढरी होते आणि समोरचे काही म्हणजे काही दिसत नाही. पावसाळ्यात कसारा घाटात ट्रकच्या मागे लागलेल्या गाडीचेही तेच हाल होतात.

हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. ड्रायव्हरने दांडी ओढली, पाणी आले नाही, कोरडा वायपर फिरला आणि चिखल साऱ्या काचेवर सारवला गेला. तीन सेकंद काही दिसले नाही असे धरले तरी गाडी ५० मीटर आंधळी धावली. तेवढ्यात रस्ता ओलांडणारे माणूस असू शकते, बिगर दिव्याची बैलगाडी असू शकते, बंद पडलेला ट्रक असू शकतो. त्यात गाडीतला पोरगा आपला, मालही आपला. शिवाय धुळीवर कोरडा वायपर फिरवल्याने काचेवर बारीक ओरखडे पडतात आणि ते कधी जात नाहीत. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड त्याच ओरखड्यांत पसरतो.

आणि एवढ्या मोठ्या धोक्याचा इलाज बहुतेक वेळा अर्ध्या तासाचा, बिनखर्चाचा आहे. शिंपी, लूम फिटर, इस्त्रीवाला, घड्याळ दुरुस्त करणारा अशा बारीक कामाची सवय असलेल्या कारागिराला तर हे काम अगदी किरकोळ. फक्त एक शर्त आहे. सुई हातात घेण्याआधी अडथळा नेमका कुठे आहे ते शोधले पाहिजे. लोक इथेच घाई करतात.

आधी रचना समजून घ्या

बॉनेटखाली, कधी चाकाच्या पत्र्याआड, प्लास्टिकची एक टाकी असते. तिच्या तळाशी अंगठ्याएवढी १२ व्होल्टची मोटर रबराच्या वायसरमध्ये दाबून बसवलेली असते. पुष्कळ गाड्यांत त्या ठिकाणी एक बारीक जाळीही असते. वायपरची दांडी ओढली किंवा बटण दाबले की मोटर फिरते, पाणी पातळ नळीतून वर चढते, पुढे इंग्रजी टी अक्षरासारख्या जोडापाशी त्याचे दोन फाटे होतात आणि ते दोन नोझलमधून काचेवर उडते. काही गाड्यांत नोझल बॉनेटवर असतात, काहींत काचेच्या खालच्या पट्टीवर, तर काही नव्या गाड्यांत वायपरच्या हातावरच. पाणी नळीतून परत टाकीत उतरू नये म्हणून वाटेत कुठेतरी एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा लहान व्हॉल्व्हही बसवलेला असतो.

या साऱ्या वाटेत सर्वांत अरुंद जागा म्हणजे नोझलचे छिद्र. ते साधारण एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक असते. म्हणून कचरा कुठूनही आला तरी शेवटी तिथेच येऊन अडकतो.

दोष कुठे आहे ते असे ओळखावे

इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा आणि दुसऱ्या माणसाला दांडी ओढायला सांगा. आपण बॉनेटपाशी कान लावून उभे राहा.

घरघर असा आवाज आलाच नाही, तर नोझलचा काही कसूर नाही. फ्यूज उडालेला असेल, मोटरच्या सॉकेटला गंज चढला असेल किंवा मोटर जाम असेल. फ्यूज आणि सॉकेट आपण स्वतः पाहू शकतो, त्यापुढचे काम इलेक्ट्रिशियनचे.

आवाज येतो पण पाणी नाही, असे असेल तर सगळ्यात आधी टाकीत पाणी आहे का ते पाहा. हसू नका. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असे आमच्या गल्लीतला मेकॅनिक सांगतो, आणि आम्हाला ते खरे वाटते. टाकी कोरडी असताना मोटर फिरवत राहू नये. पाण्यानेच ती थंड राहते, कोरडी फिरली तर जळते. पाणी असतानाही एका वेळी पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये.

टाकी भरलेली आहे, आवाज येतो, तरी पाणी नाही. आता बॉनेट उचलून नळी शेवटपर्यंत हाताने चाचपा. कुठे जोडावरून निसटली आहे का, बॉनेटच्या बिजागरीत चेपली आहे का, उंदराने कुरतडली आहे का. गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदराचे काम फार असते. गळती असेल तर पाणी कुठे ठिबकते यावरून ती लगेच कळते.

नळी शाबूत असेल तर ती नोझलपासून हलक्या हाताने उपसून काढा, तिचे तोंड बाजूला धरा आणि दांडी ओढायला सांगा. धार जोरात आली तर अडथळा नोझलमध्येच आहे, आणि तुमचे काम सोपे झाले. धार आलीच नाही किंवा मरतुकडी आली, तर अडथळा मागे आहे : नळीत, व्हॉल्व्हमध्ये किंवा टाकीच्या तळाच्या जाळीत. याशिवाय एक खूण आहे. दोनपैकी एकच नोझल बंद असेल तर दोष त्या नोझलमध्ये किंवा त्याच्या फाट्यात समजावा. दोन्ही एकाच दिवशी बंद पडले तर दोष टी-जोडाच्या अलीकडे असण्याचा संभव अधिक.

दांडी ओढल्यावर पाणी येते, पण तीन-चार सेकंदांनी येते, असेही पाहायला मिळते. ते तुंबणे नव्हे. व्हॉल्व्ह सैल झाला आहे आणि पाणी दर वेळी मागे उतरते. अशा वेळी सुई कितीही टोचली तरी फरक पडणार नाही. तो व्हॉल्व्ह बदलावा.

आमच्या ओळखीच्या एका लुंगीच्या व्यापाऱ्याच्या पिकअपला एका गॅरेजने नवीन मोटर बसवून दिली. दोन दिवस पाणी आले, तिसऱ्या दिवशी बंद. पुन्हा नेली तर सांगितले, आता वायरिंग पाहावे लागेल. त्यांच्या कारखान्यातल्या फिटरने नळी उपसून पाहिली तर कारंजे उडाले. दोष नोझलमध्ये होता. नव्या मोटरच्या जोराने जरासा कचरा सरकला होता आणि परत बसला, इतकेच. नळी उपसून पाहण्याचे ते एक मिनिट गॅरेजमध्ये कोणी खर्च केले नव्हते.

नोझल तुंबते का

याचे उत्तर आपल्या धंद्यातल्या लोकांना दुसऱ्यांपेक्षा लवकर समजेल. वाफेच्या इस्त्रीच्या तळाची छिद्रे पांढरी होऊन बंद होतात, हे प्रत्येक इस्त्रीवाल्याने पाहिलेले आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. नोझलच्या तोंडाशी पाण्याचा जो थेंब राहतो तो बॉनेटच्या गरमीने आणि उन्हाने सुकतो, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो. रोज एक थेंब, रोज एक पापुद्रा. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत छिद्र बंद.

दुसरा सबब आपलाच हात. काच चकचकीत व्हावी म्हणून लोक टाकीत धुण्याची पावडर किंवा साबणाचा चुरा टाकतात. रंगाऱ्याला विचारा, जड पाण्यात साबण टाकला की काय होते. फेस येत नाही, चिकट पांढरा साका तयार होतो आणि सुताला बसला की रंग डागाळतो. तोच साका नळीत आणि नोझलमध्ये बसतो. पावडरचे न विरघळलेले दाणे जाळीवर बसतात ते वेगळेच.

तिसरे, टाकीचे तुटलेले किंवा हरवलेले झाकण. आपल्या गावांत हवेत कापसाचे तंतू सारखे उडत असतात. टाकी उघडी राहिली की ते आत जातात आणि तळाच्या जाळीवर त्यांचा बोळा होतो. चौथे, महिनोन्महिने साचलेल्या पाण्यात धरणारे हिरवे शेवाळ. आणि पाचवे, ईदच्या आधी गाडीला पॉलिश मारणारा पोरगा : मेणाचा बोळा तो नोझलवरूनही फिरवतो आणि छिद्र बाहेरून लिंपले जाते. हा शेवटचा प्रकार सर्वांत हलका. गरम पाण्यात बुडवलेले फडके नोझलवर थोडा वेळ ठेवावे, मेण मऊ झाले की दात कोरायच्या काडीने काढावे.

सुई कोणती आणि कशी

सुईने नोझल उघडते हे सर्वांना माहीत आहे. सुईने नोझल बिघडते, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. नोझल प्लास्टिकचे असेल तर जाड सुईने छिद्र मोठे होते किंवा वाकडे होते. मग धार जोरात येण्याऐवजी लाळेसारखी बॉनेटवर ओघळते, आणि त्याला दुरुस्ती नाही.

शिलाई मशीनच्या सुईचा नंबर पाहून आपल्याला जाडी सांगता येते. ९ नंबरची सुई ०.६५ मिलिमीटर, ११ नंबरची ०.७५, १४ नंबरची ०.९० आणि १६ नंबरची पूर्ण एक मिलिमीटर. तेव्हा १४ किंवा १६ नंबरची सुई नोझलमध्ये घालण्याचा विचारही करू नये. ९ नंबरचीही फक्त टोकापुरती चालेल. त्यातून मशीनची सुई कडक पोलादाची असते, ती वाकत नाही, तुटते. तिचे टोक आत मोडले तर नोझल फेकूनच द्यावे लागते.

आमच्या मते सर्वांत उत्तम वस्तू म्हणजे विजेच्या लवचीक वायरमधला तांब्याचा एक तंतू. एक चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये असे १४ तंतू असतात आणि प्रत्येक ०.३ मिलिमीटर जाडीचा असतो. तांबे मऊ, प्लास्टिकला इजा करत नाही, आणि वाकडे झाले तर दुसरा तंतू घ्या. रॉकेलच्या स्टोव्हची जुनी पिन घरात कुठे पडली असेल तर तीही कामाची आहे, मात्र तिचे टोक झिजून जाड झालेले नसावे.

तंतू बाहेरून हळूच आत घाला, दोन-तीन वेळा मागेपुढे करा, काढा. जोर लावू नका, फिरवून भोक पाडू नका. पण बाहेरून टोचले की कचरा आत ढकलला जातो, हे ध्यानात ठेवा. तो आतच राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा छिद्रावर येऊन बसेल. म्हणून टोचण्याआधीच नळी नोझलपासून काढून ठेवा आणि टोचून झाल्यावर उलट दिशेने, म्हणजे बाहेरून आत, पाणी किंवा हवा मारा. कचरा नोझलच्या मागच्या तोंडातून बाहेर पडेल.

त्यासाठी औषधाच्या दुकानातली दहा किंवा वीस मिलिलिटरची सिरिंज, सुई काढून टाकलेली, फार उपयोगी आहे. पाणी भरून तिचे तोंड छिद्रावर दाबून धरा आणि दट्ट्या दाबा. सायकलचा पंपही चालेल. पंक्चरवाल्याकडची हवा मारायची असेल तर नोझल गाडीतून सुटे करून मारा. नळी जोडलेली असताना तो जोर दिला तर बॉनेटखालचे सगळे जोड निसटतात, व्हॉल्व्ह फाटतो, आणि दोन रुपयांच्या कचऱ्यापायी दिवसभराचे काम होऊन बसते.

एक गोष्ट सक्त मना. पुष्कळ ड्रायव्हर नळी तोंडात धरून ओढतात किंवा फुंकतात. असे कधीही करू नये. कारण पुढे येईलच.

सिरका

तांब्याचा तंतू आत जात नसेल किंवा साफ करूनही आठ दिवसांत नोझल पुन्हा तुंबत असेल, तर आत क्षार जमून दगड झाला आहे असे समजावे. त्याचा इलाज किराणा दुकानात मिळतो : पांढरा सिरका. सिरक्यात चार-पाच टक्के आम्ल असते. क्षाराला लागले की बारीक बुडबुडे येतात आणि क्षार विरघळतो. सिरका नसेल तर कपभर गरम पाण्यात एक लहान चमचा निंबूफूल घालूनही चालते.

नोझल आतल्या बाजूने दोन लहान कानांवर अडकवलेले असते. ते कान पक्कडीने हलके दाबून नोझल वर ढकलले की सुटते. जुन्या गाडीचे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून आधी त्यावर गरम पाण्याचे फडके ठेवावे. सुटलेले नोझल कोमट सिरक्यात तासभर, फारच खराब असेल तर रात्रभर बुडवून ठेवावे. सकाळी सिरिंजने दोन्ही बाजूंनी पाणी मारून स्वच्छ धुवावे. नोझल सुटत नसेल तर मागून सिरिंजने कोमट सिरका भरून थोडा वेळ तसाच राहू द्यावा आणि पुन्हा भरावा. पत्र्याच्या रंगावर सिरका सांडला तर लगेच धुऊन टाकावा.

संडास साफ करायचे ॲसिड मात्र हातात घेऊ नका. ते क्षार झटक्यात काढते हे खरे, पण पितळ, पत्रा, रंग आणि रबर यांनाही खाते. ते टाकीत ओतले तर मोटरही गेली म्हणून समजा.

काही नव्या गाड्यांत एका धारेऐवजी पंख्यासारखा पाण्याचा पसारा उडवणारे नोझल असते. त्याच्या पोटात पाणी नाचवणारी बारीक खाच असते, तिथे सुईने काही साधत नाही, उलट खाच बिघडते. त्याला सिरक्यात भिजवणे आणि उलटे धुणे एवढेच करावे. उघडले नाही तर नवे आणावे, नोझल ही काही महागडी वस्तू नाही. काचेला कॅमेरा असलेली किंवा वॉरंटीतली गाडी असेल तर कंपनीच्या माणसालाच दाखवावी. तिथे आपला हुनर दाखवू नये.

अडथळा मागे असेल तर

टाकीतले पाणी काढून टाका. नोझलकडची नळी उपसून बादलीत धरली आणि थांबून थांबून मोटर चालवली तर ते सहज निघते. मग मोटर रबरातून उपसा. तिच्या तोंडाशी किंवा रबराच्या आत जाळी असेल ती काढून जुन्या दातांच्या ब्रशने धुवा. टाकीत कोमट पाणी घालून दोन-तीनदा हलवून ओता. शेवाळ असेल तर लांब दांड्याचा बाटलीचा ब्रश वापरा.

नळीतला कचरा काढायचा तर ती दोन्ही टोकांनी सुटी करून सिरिंजने पाणी मारावे. वाटेत व्हॉल्व्ह असेल तर उलट दिशेने पाणी जाणारच नाही, ते त्याचे कामच आहे. तुंबला समजून त्याला टोचत बसू नये. नळी कडक होऊन तडकली असेल तर तुकडा कापून नमुन्यासाठी दुकानात न्यावा. मोटर पार्टच्या दुकानात मीटरवर मिळते. फिश टँकच्या दुकानातली नळी अनेकदा मापात बसते आणि अडलेले काम भागते, पण बॉनेटच्या गरमीत ती लवकर कडक होते.

सगळे जोडल्यावर धार कुठे पडते ते पाहा. लहान गोळीसारखे फिरणारे नोझल असेल तर छिद्रात पिनचे टोक किंचित घालून दिशा बदलता येते. उभ्या गाडीत धार वायपर फिरतो त्या भागाच्या मध्यापेक्षा थोडी वर पडली पाहिजे, कारण वेगात असताना वारा तिला खाली दाबतो. फार वर ठेवली तर पाणी टपावरून मागच्या मोटारसायकलवाल्यावर जाते आणि शिव्या खाव्या लागतात.

टाकीत काय घालावे

आमच्या मते खरा धडा इथे आहे. साफ केलेले नोझल पुन्हा त्याच पाण्यावर ठेवले तर दोन महिन्यांनी पुन्हा हीच मेहनत.

बोअरचे पाणी घालू नये. हल्ली घरोघर आरओ मशीन आहे आणि त्यातून वाया जाणारे पाणी बादलीत साठवून गाडीसाठी वापरायची चाल पडली आहे. काटकसर चांगली, पण पिण्याच्या पाण्यातून काढलेला सारा क्षार त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात उतरलेला असतो. ते बोअरच्या पाण्याहून वाईट. त्याने फरशी धुवा, चाके धुवा, पण टाकीत नको. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी किंवा गाळलेले पावसाचे पाणी उत्तम.

आणि त्यात काच धुण्यासाठी तयार मिळणारे वॉशरचे औषध, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावे. धुण्याची पावडर नको, शॅम्पू नको, भांड्यांचा साबण नको. काही जण डिझेल किंवा रॉकेलचे थेंब टाकतात. त्याने काचेवर तेलकट थर बसून रात्री समोरचा प्रत्येक दिवा फुलतो. रेडिएटरचे कूलंटही नको, ते चिकट असते आणि विषारीही. वॉशरचे औषध निळे, सरबतासारखे दिसते. ते मूळ बाटलीतच ठेवावे, पाण्याच्या बाटलीत भरून दुकानात ठेवू नये. लेकरे तिथेच खेळत असतात.

नुसते पाणी का नको, याला क्षाराखेरीज दुसरेही कारण आहे. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची एक साथ उसळली होती. त्या जंतूला पुढे लीजिओनेला हे नाव पडले. हा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. ब्रिटनमध्ये असे आढळले की व्यवसायाने गाडी चालवणाऱ्या लोकांत हा रोग जास्त होतो. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या अभ्यासकांनी त्याचा शोध घेतला आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. वॉशरच्या टाकीत औषध न मिसळता नुसते पाणी वापरणाऱ्यांना धोका अधिक होता. इंग्लंड आणि वेल्समधले असे सुमारे २० टक्के रोगी या एका कारणाशी जोडता येतील, असा त्यांचा अंदाज होता. आपल्याकडे बॉनेटखालची टाकी तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ कोमट राहते. नळी तोंडाने ओढू नये असे वर म्हटले ते याच कारणाने. टाकी धुतानाही उडणाऱ्या तुषारांपासून तोंड दूर ठेवावे, नाकाला रुमाल बांधावा.

मालकाने काय करावे

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार काच असलेल्या चारचाकीला चालू वायपर असणे सक्तीचे आहे आणि मालवाहू गाडीच्या पासिंगमध्ये तो पाहिला जातो. पण पासिंग एका दिवसाचे, गाडी वर्षभर पळते. आमच्याकडे जुम्याला लूम बंद असतात. त्या दिवशी गाडी धुताना दांडी एकदा ओढून पाहायची, टाकी भरायची, वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसायचे, एवढे काम ड्रायव्हरला लावून द्यावे. पिचकारी रोज वापरली नाही तरी आठवड्यातून एकदा चालली की नोझलमधला थेंब सुकून दगड होत नाही.

ड्रायव्हरने येऊन सांगितले की पाणी येत नाही, तर त्याच्यावर डाफरू नये. तो सांगतो आहे हीच मोठी गोष्ट. औषधाच्या बाटलीचे पैसे त्याच्या हातखर्चातून कापू नयेत. असे मालक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या गाड्यांच्या काचाही पाहिल्या आहेत.

वाटेतच पिचकारी बंद पडली तर करायचे असे. प्लास्टिकच्या एका बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईने तीन-चार छिद्रे पाडून ती पाण्याने भरून गाडीत ठेवावी, सोबत एक स्वच्छ सुती फडके. कापडवाल्याच्या गाडीत चिंधीची तरी काय कमी. काच खराब झाली की गाडी रस्त्याच्या कडेला, पूर्णपणे डांबराखाली उतरवून उभी करावी, चारही इंडिकेटर लावावेत, खाली उतरून बाटली दाबून काच ओली करावी आणि मग पुसावी. चालत्या गाडीतून हात बाहेर काढून पाणी मारू नये आणि शेजाऱ्यालाही मारायला सांगू नये. फडके तेलाच्या किंवा ग्रीसच्या हातांनी धरलेले नसावे; मशीन पुसायची चिंधी वेगळी आणि काचेची वेगळी.